परदेशी मुलांकडे की पडेगावात? : निवृत्तांच्या खर्चाचा हिशेब

(ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या घरातील मुलगा अथवा मुलगी अमेरिका, कॅनडा वा इंग्लंडमध्ये स्थिरावली आहे, त्या घरात आई-वडिलांची साठी उलटली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. ‘आता इकडेच या,’ असा आग्रह तिकडून होतो आणि इकडे घर, ओळखीचा डॉक्टर, मंदिर आणि शेजार सोडवत नाही. उलट बाजूनेही हाच प्रश्न येतो. तीस-चाळीस वर्षे तिकडे नोकरी केलेली माणसे उतारवयात आपल्या गावी परतण्याचा विचार करू लागतात. या निर्णयात माया मोठी असते; परंतु मायेच्या भरात हिशेब राहून जातो आणि राहिलेला हिशेब पुढे त्या मायेलाच जड होतो.

हिशेबात पहिली फसगत होते ती गुणाकाराने. डॉलरचा भाव घ्यायचा, तिकडच्या किमतीला गुणायचे आणि ‘बापरे, केवढी महागाई!’ म्हणायचे, ही पद्धत सोपी असली तरी खरी नव्हे. २०१७ च्या किमतींवर झालेल्या आंतरराष्ट्रीय तुलनेत असे दिसले, की अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल व सेवा मिळत, तेवढ्यासाठी भारतात २०.६५ रुपये पुरत. त्या वर्षी बाजारात डॉलरचा भाव मात्र ६५ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे डॉलरमधले उत्पन्न येथे आणून खर्च करणाऱ्याला तिप्पट बळ येते. तेच येथील रुपये तिकडे नेणाऱ्याचे बळ एकतृतीयांश होते.

अर्थात ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या पोटात बरेच काही दडते. पेट्रोलचेच पाहा. २०२५ मध्ये महाराष्ट्रात ते लिटरला शंभरी ओलांडून होते. अमेरिकेत सर्व गुणाकार करूनही लिटर सत्तर-पंचाहत्तर रुपयांच्या घरात पडत होते. मोबाइल, संगणक, घरगुती यंत्रे यांतही येथे फारशी स्वस्ताई नाही. खरी तफावत आहे ती माणसाच्या श्रमात. धुणीभांडी, स्वयंपाक, केशकर्तन, नळदुरुस्ती आणि मुख्य म्हणजे आजारपणातील सेवा. घरी येऊन वृद्धांची देखभाल करणाऱ्यांचा दर अमेरिकेत २०२४ च्या एका पाहणीनुसार ताशी सुमारे ३३ डॉलर होता. डॉलर ८५ रुपये धरला, तर एका तासाचे २,८०० रुपये झाले. आपल्या शहरात तेवढ्या रकमेत तीन-चार दिवसांची पाळी भरते. तरुणाला हा खर्च जाणवत नाही, कारण त्याला मदतनीस लागतच नाही. वृद्धाच्या हिशेबात तो वरच्या ओळीत येतो. साठीत तिकडे पाहुणे म्हणून राहून आलेले जोडपे ‘काही महाग नाही हो’ असे सांगते, तेव्हा ते खोटे बोलत नसते. ते साठीचा अनुभव सांगत असते, ऐंशीचा नव्हे.

आता उत्पन्नाकडे वळावे. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ चे मासिक वेतन मिळते. त्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. वेतनाची मर्यादा १५,००० रुपये धरली गेल्याने सर्वसाधारणपणे ते साडेसात हजारांपुढे जात नाही. आणि महागाई वाढली म्हणून ते वाढतही नाही. त्यामुळे भिस्त राहते ती साठवलेल्या रकमेवर. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात. २०२५ मधील ८.२ टक्के दराने त्याचे महिन्याला २०,५०० रुपये होतात. पडेगावात स्वतःच्या घरात राहणाऱ्या साध्या राहणीच्या दोघांचा संसार त्यात चालू शकतो. त्याच रकमेचे डॉलर केले तर जेमतेम २४० भरतात.

त्या २४० डॉलरांत तिकडे काय येते, हे आजारपणाच्या हिशेबावरून कळते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्ययोजना आहे. तिचा रुग्णालयाचा भाग विनाहप्ता मिळण्यासाठी स्वतः अथवा जोडीदाराने तेथे दहा वर्षे काम करून कर भरलेला असावा लागतो. मुलाने भरलेला कर आई-वडिलांच्या कामी येत नाही. मुलाने ग्रीन कार्डावर बोलावलेल्या आई-वडिलांना सलग पाच वर्षे तेथे राहिल्यानंतर ही योजना विकत घेता येते. २०२५ चा हप्ता रुग्णालयाच्या भागासाठी ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागासाठी १८५ डॉलर होता. म्हणजे दोघांचे महिन्याला १,४०६ डॉलर, अर्थात सुमारे १ लाख १९ हजार रुपये. पहिली पाच वर्षे तर खासगी विम्यावरच काढावी लागतात. शिवाय अंथरुणाला खिळलेल्याची दीर्घकाळ देखभाल मेडिकेअर करीत नाही. कॅनडाचा सुपर व्हिसा जुलै २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षे राहू देतो, मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा काढल्याशिवाय तो मिळत नाही.

आपल्याकडे २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार खुले झाले आहेत. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्या मात्र त्यात येत नाहीत. खासगी विमा घेण्यास ६५ वर्षांची वयोमर्यादा २०२४ मध्ये दूर झाली. तरी पूर्वीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. तेव्हा परदेशी जाताना येथील विमा ‘आता काय करायचा’ म्हणून बंद करणे फार महागात पडते. दोन वर्षांनी परत यावे लागले, तर ती प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

येथे सारे स्वस्त व सुखाचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. जायकवाडी उशाशी असून नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि शहराच्या कडेच्या वसाहतींना टँकरचा खर्च घरखर्चात धरावा लागतो. तिकडे पाण्याची चिंता नाही. पण मंदिरात जायला मोटार लागते, ती चालवायला मुलगा किंवा सून लागते, आणि त्यांना सुट्टी रविवारीच असते. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, कंदमुळाविना स्वयंपाक हे सारे घरी करता येते. परंतु देखभाल केंद्रात राहण्याची वेळ आली, तर त्या ताटाची हमी कोण देणार? काही खर्च पैशांत मांडता येत नाहीत, पण ते कोणीतरी सोसतच असते. बहुधा सून.

परतणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. अमेरिकेचे निवृत्तिवेतन महागाईनुसार दरवर्षी वाढते आणि पात्र व्यक्तीला भारतातही मिळते. मेडिकेअर मात्र येथील रुग्णालयाचे बिल भरत नाही. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन भारतात राहणाऱ्यांसाठी गोठते. एप्रिल २०१६ मध्ये नव्या योजनेची पूर्ण रक्कम आठवड्याला १५५.६५ पौंड होती. २०२५ मध्ये ती तेथे २३०.२५ पौंड झाली. त्या वर्षी भारतात येऊन राहिलेल्याच्या हाती मात्र १५५.६५ च पडतात.

आणखी एक रकाना बहुतेक वह्यांत नसतो, तो पतीच्या पश्चातचा. कारखान्याचे निवृत्तिवेतन पत्नीला सर्वसाधारणपणे निम्मेच मिळते. येथील घर विकून सारी रक्कम मुलाच्या घराच्या कर्जात घातली असेल, तर तिच्या स्वतःच्या नावे काय उरले, हे तिला निर्णयाआधी ठाऊक असले पाहिजे. पासबुक, ठेवींचे नामनिर्देशन, घराची कागदपत्रे, विम्याची तारीख या गोष्टी तिच्यासमोर ठेवून आणि मुलांनाही बसवून ही वही भरावी. घर विकण्यापूर्वी ते वर्षभर भाड्याने देऊन पाहण्याचा मार्ग तेव्हा खुला असतो.