मोटारींतील तुटलेली तबकडी

श्रोतेहो, यंत्र अडलें म्हणजे माणसाचा हात बुद्धीच्या आधीं धांवतो. गेल्या पावसाळ्यांत माझ्या जुन्या मोटारीच्या डिकींतील सीडी-चेंजर असाच अडला. आंत सहा तबकड्या. एक तुटलेली, तर दुसरींत माझ्या कैलासवासी मातुःश्रींच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या! मूळ ध्वनिफीत बुरशीनें गेलेली. दुसरी प्रत नाहीं. मीं चिमटा फटींत घालणार, इतक्यांत जन्मभर रेडिओ-दुरुस्ती केलेले शेजारचे अप्पा म्हणाले, "अहो, थांबा! मोडकी काढण्याच्या भरांत शाबूत आहे ती गमवाल."

त्यांचें म्हणणें खरें होतें. १९८२ सालीं बाजारांत आलेली ही तबकडी केवळ १.२ मिलिमीटर जाड असते. किरण परतविणारा धातूचा थर खालीं नव्हे, तर छापील बाजूस, पातळ लेपाखालीं असतो. तेथील खोल ओरखडा भरून येत नाहीं. आणि तुटलेल्या पॉलिकार्बोनेटची कड तर सुरीसारखी!

म्हणून आम्हीं रेडिओचा संकेतांक टिपून घेतला, बॅटरीचें ऋण टोक सोडविलें, आणि चेंजर काढून टेबलावर सपाट ठेवला. हातमोजे व चष्मा चढविला. झांकणाचे स्क्रू क्रमवार कागदावर मांडले. झांकण निघतांच दिसलें कीं, तबकडीचा अर्धा भाग खणांत, तर अर्धा वाचनाच्या जागीं अडकला आहे; पेटी बाहेर येईना ती यामुळेंच. अप्पांनीं दांतेरी चाक बोटानें हळूहळू उलट फिरविलें. पकड सुटली. मग एकेक तुकडा न ओढतां वर उचलला.

एवढ्यावर काम संपलें असें मला वाटलें. पण अप्पांनीं पांढऱ्या कागदावर तुकडे जुळवून वर्तुळ पुरें करावयास लाविलें. एक चिरफळी कमी भरली! ती भिंगाशेजारीं सांपडली. तशीच राहती, तर पुढची तबकडी तिनें खरवडली असती. उरलेला चुरा रबरी फुग्याच्या वाऱ्यानें उडविला; भिंगास बोट लाविलें नाहीं. लेसरचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून झांकण बसविल्यावांचून वीजही जोडली नाहीं.

चेंजर पुन्हां चालूं लागला. पण ओव्यांची तबकडी त्यांत परत गेली नाहीं. त्याच सायंकाळीं संगणकावर तिची प्रत केली, आणि मग घरांतील सर्वांनीं ती बसून ऐकली. श्रोतेहो, आपल्या घरीं अशी एकुलती तबकडी असेल, तर तिची प्रत आजच करून ठेवावी.