भाकरीची गोष्ट

मागच्या महिन्यात आम्ही रेडिओवर ‘सुनेला लेकीसारखं वागवा’ असं भाषण केलं. मग बचत गटाच्या बैठकीत विचारलं, कसं वाटलं? एक जण म्हणाली, “झकास होतं. आमच्या शेजारणीनं ऐकायला पाहिजे होतं.” आम्ही गप्पच झालो. उपदेश केला की तो शेजारणीच्याच घरी जातो.

म्हणून आम्ही बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचायला घेतलं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. पुढं घरच्यांपासून लपवून कितीतरी वर्षं लिहीत राहिल्या. १९८६ साली पुस्तक निघालं. गावानं महार वस्तीवर लादलेलं जिणं त्यात आहे, आणि त्याच वस्तीतल्या सासवा कोवळ्या सुनांना कसं छळायच्या तेही आहे. आपल्या माणसांचं म्हणून झाकलं नाही. नावातच ‘आमुचं’ आहे बघा. वाचताना काटा येतो, पण कुणी आपल्यावर बोट रोखलंय असं वाटत नाही.

वाचन थांबलं तशी आमच्यातली एक मावशी म्हणाली, “मीबी केलंय. नव्या सुनेची भाकरी चिरली, तर ताटलीत घालून चार घरी दाखवत फिरले.” त्या दिवशी शेजारणीचं नाव कुणी काढलं नाही. जी ती आपलंच सांगायला लागली.

हे रेडिओवर घ्यावं असं ठरलं. मावशी तयार होती. पण एक जण म्हणाली, “गोष्ट मावशीची, अब्रू सुनेचीबी हाय की. नाव नाही घेतलं तरी गावाला कळतंय.” खरंच होतं. मग सुनेला विचारायला गेलो, तेही मावशी रानात गेल्यावर. सासूपुढं ती ‘नको’ कशी म्हणणार?

सून भांडी घासत होती. बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “सांगा. पण एक राहिलंय. पीठ जुनं होतं, विरी गेलेलं. त्याची भाकरी चिरणारच. आत्याबाईंना तेव्हाच ठाऊक होतं.”

संध्याकाळी मावशीला विचारलं. तिनं मान खाली घातली. म्हणाली, “होतं ठाऊक. तेबी सांगा.”