हात न लावता रक्तवाहिनी कशी पाहतात
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



विषय ऐकून काहीजणी हसल्या. सातवी शिकलेल्या बाईने लेसरविषयी काय बोलावे! पण माझ्या थोरल्या जाऊबाईंना मधुमेह आहे. गेल्या साली पायाला जखम झाली, तेव्हा बोटापर्यंत रक्त पोचते की नाही, हाच प्रश्न होता. ते पाहण्यासाठी कातडीला थंडगार जेल लावून यंत्राची मूठ टेकवतात. जखमेपाशी ती टेकली की जाऊबाई कळवळत. हात न लावता हे होणार नाही का, असे मी भाचीला विचारले. ती भौतिकशास्त्र शिकते. तिने सांगितले ते तुमच्यापुढे ठेवते.

उन्हाने पत्र्याचे छप्पर टकटक वाजते ना? तापून पत्रा फुगतो, म्हणून. प्रकाशाने आवाज निघतो हे टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलसाहेबांनी १८८० साली दाखवले. तेच आता रक्तावर करतात. लेसरचा अगदी क्षणिक झोत कातडीवर सोडतात. रक्ताचा तांबडा रंग हिरवा प्रकाश चटकन शोषतो. रक्त अंशाच्या काही हजारांश भागाइतके तापते, किंचित फुगते आणि आपल्या कानांना न कळणारा आवाज निघतो. भोवतालचे मांस तेवढा प्रकाश शोषत नाही, म्हणून रक्तवाहिनी वेगळी ओळखू येते.

खरी अडचण पुढेच. हा आवाज कातडीतून हवेत शिरतच नाही, जवळजवळ सारा मागे फिरतो. म्हणून तर ते जेल! मग हवेतून ऐकण्याचा नाद सोडून शास्त्रज्ञांनी कातडीवर दुसरा झोत टाकला. आपल्या द्वारका चौकातून ट्रक गेला की तावदान थरथरते. बहिऱ्या माणसालाही तावदान पाहून ट्रक कळेल. तशी कातडीची थरथर परतलेल्या प्रकाशावरून मोजतात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या मंडळींनी २०१७ साली निराळीच युक्ती प्रसिद्ध केली. दुसरा झोत थेट रक्तवाहिनीवरच न्यायचा, आणि ती तापताक्षणी परतणारा प्रकाश कसा बदलतो ते पाहायचे. मला ही जास्त पटली. शेजारणीकडून निरोप घेण्यापेक्षा घरातच डोकावावे, तशी.

निरनिराळ्या रंगांचे झोत वापरले तर रक्तात प्राणवायू किती, तेही कळते. मात्र इतके बारीक पाहायचे तर प्रकाश सुमारे एक मिलिमीटरच आत पोचतो. पायातल्या खोल धमन्या यात दिसायच्या नाहीत. भाजलेली कातडी, जखमेची कड, डोळ्याचा पडदा, ही याची कामे.

लेसर आणि सोनोग्राफी जोडलेले, पण अंगाला टेकवायचे, असे एक यंत्र स्तनातल्या गाठींसाठी अमेरिकेत २०२१ साली मंजूर झाले. न टेकवण्याची यंत्रे अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच आहेत. तेव्हा डॉक्टरांनी जेलची तपासणी सांगितली, तर दुखते म्हणून कोणी ती चुकवू नये.