पॅरामिशियमचे प्रथिनवस्त्र

हुबळीच्या उणकल तलावाच्या किंवा धारवाडच्या केळगेरी तलावाच्या काठचे, कुजक्या पानांवरचे पाणी बाटलीत भरून दोनचार दिवस ठेवावे आणि त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. चपलेच्या तळव्यासारखे चिमुकले जीव त्यात लगबगीने फिरताना बहुधा दृष्टीस पडतात. हे पॅरामिशियम. सारा देह एका पेशीचा, आणि त्यावर सहस्रावधी रोमकांची लव. महाविद्यालयातील विद्यार्थी त्याची आकृती काढतो. परंतु त्या लवेवर पसरलेले प्रथिनाचे पातळ वस्त्र आकृतीत उतरत नाही.

हे वस्त्र ओळखण्यास ससा उपयोगी पडला. पॅरामिशियमचा अर्क सशाला टोचला, की त्याच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण होतात. ते रक्तजल थेंबात मिसळताच त्याच वस्त्राचे जीव जागच्या जागी खिळतात. निराळ्या प्रथिनाचे भाऊबंद मात्र खुशाल पोहत राहतात.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात ट्रेसी सॉनेबॉर्न आणि एडिंबरो येथे जेफ्री बील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या गोष्टीचा छडा लावला. पॅरामिशियम ऑरेलियाच्या एका वाणात सुमारे १८ अंश सेल्सिअसला एक प्रथिन आढळले, २५ अंशांना दुसरे आणि ३० अंशांच्या आसपास तिसरे. एका वेळी सामान्यतः एकच. याचा अर्थ असा, की जनुके सारी जवळ असतात. जागे होते त्यांतील एक. प्रथिन कसे असावे हे जनुक ठरविते. पण कोणत्या जनुकाने जागे व्हावे, हे पेशीद्रव्य आणि भोवतालची परिस्थिती ठरविते. केवळ जनुकांची यादी म्हणजे आनुवंशिकता नव्हे, हे या क्षुद्र जीवाने दाखवून दिले.

या ज्ञानाचा मत्स्यपालनाशीही संबंध आहे. गोड्या पाण्यातील माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठविणारा इक्थिओफ्थिरिअस हाही रोमकधारीच. त्याच्या तडाख्यात हौदातील मासे पटापट मरतात. परंतु जे वाचतात, ते पुढे बराच काळ त्या रोगाला दाद देत नाहीत. त्यांची प्रतिपिंडे या परजीवाच्या अशाच पृष्ठप्रथिनांना ओळखतात. त्यावरून लस करण्याचे प्रयत्न झाले. अडचण ही, की या प्रथिनांचेही प्रकार अनेक, आणि एकाविरुद्धचे संरक्षण दुसऱ्याविरुद्ध नेहमीच पुरे पडत नाही.

शत्रूला ओळखावयाचे तर आधी त्याची वस्त्रे मोजली पाहिजेत. तलावाकाठच्या एका थेंबापासून तो अभ्यास आरंभता येतो.