आपल्या श्रद्धेचा पाया

(धर्मग्रामाच्या ज्युबिली-महोत्सवांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



परमेश्वराच्या कृपेनें आज आपण आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव साजरा करीत आहों. अशा प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्यच होय. ‘तुमचा धर्म म्हणजे पोर्तुगीजांनीं मागें टाकलेली वस्तु,’ असें वसईकर ख्रिस्ती माणसास पुष्कळदां ऐकावें लागतें. ह्या बोलण्यांत तथ्य किती, तें आज पाहूं.

इ. स. १५३४ त गुजराथच्या बहादुरशाहानें वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन धर्मबंधु आले. पुढें येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियनहि आले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय १५४४ त ह्या भूमीस लागले. किल्ल्यांतील संत जोसेफचें मुख्य देऊळ १६०१ त पुन्हा बांधलें गेलें, असें त्याच्या दारावरील शिलालेख सांगतो. हा सर्व उत्कर्ष राजसत्तेच्या छायेखालीं झाला. त्या सत्तेनें आपल्या हिंदु बांधवांचीं देवळें मोडलीं, हेंहि सत्य आहे. मंडपेश्वराच्या शैव लेण्यांत ख्रिस्तमंदिर झालें होतें. हें आपण मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. देवाच्या घरांत असत्यास जागा नाहीं.

परंतु त्याच काळीं ह्याच मातींत संत गोन्सालो गार्सिया जन्मास आले. त्यांची माता ह्या देशची. वसईस येशूसंघीयांपाशीं शिकून ते जपानांत गेले, तेथें व्यापार केला, आणि पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांनीं क्रुसावर प्राण दिला. तेथें त्यांच्या रक्षणास कोणत्याहि राजाचें सैन्य नव्हतें. १८६२ त त्यांस संतपद मिळालें.

खरी कसोटी १७३९ च्या मे महिन्यांत आली. चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. पोर्तुगीज गेले, व त्यांचे पाद्रीहि गेले. राजाश्रय संपला. धर्म केवळ सत्तेच्या आधारावर असता, तर तो त्याच वर्षीं लयास जाता. तो गेला नाहीं. देशी धर्मगुरूंनीं मिस्सा व संस्कार चालू ठेवले, आणि घरोघरच्या आयांनीं मुलांस क्रुसाची खूण शिकविली. १७६० च्या सुमारास आंकेतील द्यु पेराँ नांवाचा फ्रेंच विद्वान् शेजारच्या साष्टींतून गेला. मराठ्यांच्या अंमलांत देशी धर्मगुरु मोकळेपणानें सण साजरे करीत असल्याचें त्यानें लिहून ठेवलें आहे. मराठी राज्याच्या ह्या उदारपणाचें ऋण आपण विसरतां कामा नये.

पुढें वसई १८८६ त दमण धर्मप्रांतांत व १९२८ त मुंबईकडे गेली. १९९८ त तिचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. अधिकारी बदलले, कुटुंबांतील प्रार्थना तीच राहिली.

म्हणून, बंधुभगिनींनो, हा धर्म पेरला परक्यांनीं. राखला मात्र तुमच्या पणजोबा-पणजींनीं. आज वाड्या जाऊन इमारती उठत आहेत, आणि सायंकाळची रोझरी पुष्कळ घरांत बंद पडली आहे. पूर्वजांनीं संकटांत राखलेला ठेवा आपण सुखांत गमावूं नये. ह्या महोत्सवाची खूण म्हणून प्रत्येक घरांत ती प्रार्थना आजपासून पुन्हा सुरू होवो, हीच प्रभूचरणीं विनंति. पवित्र माता मरिया व संत गोन्सालो आपणांसाठीं प्रार्थना करोत. आमेन.