उंदराचं देणं

मढच्या कोळीवाड्यात बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या भरल्या की कुत्र्यांचीही वर्दळ वाढते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कुत्र्याने माझ्या भाच्याच्या पोटरीचा लचका तोडला. मुलगा नऊ वर्षांचा. बहीण हळद आणायला धावली. मी तिला थांबवलं, पोराचा पाय नळाखाली धरला आणि साबणाने धूत राहिलो. पंधरा मिनिटं. तो रडत होता, मी घड्याळ बघत होतो.

ही घाई कशासाठी, ते मला ठाऊक होतं. आठ वर्षांचा असताना मीही पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस. आपल्या देशात तिचं उत्पादन २००४च्या अखेरीस थांबलं. आता दंडात चार-पाच टोचण्यांवर भागतं. पण श्रोतेहो, चावा रक्त काढणारा असेल तर नुसती लस पुरत नाही. लस शरीराला प्रतिद्रव्यं बनवायला शिकवते, त्यात आठवडा-दीड आठवडा जातो. तेवढ्यात विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकू शकतो, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून तयार प्रतिद्रव्यं थेट जखमेत टोचतात. प्रतिद्रव्य म्हणजे रक्तद्रवातलं एक प्रथिन. मी कविता लिहिणारा बी.ए. माणूस, प्रथिन म्हटलं की मला डाळच आठवायची.

फेरीबोटीने वेसाव्याला उतरलो. पहिल्या दवाखान्यात लस होती, सीरम संपलं होतं. रिक्षात पोर माझ्या मांडीवर, रुमाल लाल. दुसरीकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घोड्याच्या रक्तातलं नाही, माणसाच्याही नाही. हे प्रयोगशाळेत केलेलं आहे." मी म्हटलं, "टोचा."

रात्री अम्मीने विचारलं, "कोणत्या जनावराचं होतं रे?"

तिला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसलो. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९०मध्ये दाखवलं, की एका प्राण्याच्या रक्तातलं संरक्षण दुसऱ्याला देता येतं. मग घोडे कामाला लागले; सर्पदंशावरचं औषध आजही त्यांच्याच रक्तातून येतं. पण घोड्याचं प्रथिन काहींच्या अंगावर उठतं, आणि माणसाचं महाग, त्यातही तुटपुंजं. १९७५मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची प्रतिद्रव्य बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. ती जोडपेशी मरेना, एकच प्रतिद्रव्य बनवत राहिली. अडचण एवढीच, की उंदराचं प्रथिन माणसाचं शरीर परकं मानतं. यावर तोड निघाली ती मला कवितेसारखी वाटते: माणसाच्या प्रतिद्रव्यांची जनुकं घातलेले उंदीरच जन्माला घातले. शरीर उंदराचं, प्रतिद्रव्य माणसाचं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अशा उंदरांना रेबीजची लस दिली आणि त्यांच्यातून निवडलेल्या एका प्रतिद्रव्याची माहिती २००७मध्ये प्रसिद्ध केली. त्याची जनुकं चिनी हॅम्स्टरच्या पेशींत बसवली. त्या पेशी टाकीत वाढतात आणि प्रथिन बनवतात. उंदराचं काम तिथे संपलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्याचं औषध केलं, २०० जणांवर चाचणी झाली, आणि २०१७पासून ते आपल्याकडे मिळतं. घोड्याच्या सीरमची मात्रा किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तातल्याची २०, आणि याची ३.३३.

हे वाचताना मला परळ आठवत होतं. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे १९०५नंतर परळच्या प्रयोगशाळेत आयोगाने सिद्ध केलं, की तो उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. तेव्हापासून या शहराने उंदराला शत्रू मानलं. महापालिकेने उंदीर मारायला रात्रपाळीची माणसं नेमली. घरातला उंदीर वेगळा, प्रयोगशाळेतला पांढरा चिमुकला वेगळा, हे खरं. तरी गोत्र एकच.

अम्मीला म्हटलं, "आता कुठल्याच जनावराचं नाही. पण पहिल्यांदा उंदराच्या अंगात तयार झालं."

"उंदराच्या?" ती जरा वेळ गप्प राहिली. "आणि तो उंदीर?"

"केव्हाच गेला असेल."

ती काही बोलली नाही. भाच्याच्या पायावरची पट्टी तिने चाचपून पाहिली. मग उठली, सुक्या जवळ्याची चिमूट घातली आणि चुलीशेजारी नेहमीसारखा सापळा लावला.