पडून पाडण्याचा डाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या जामच्या मुली ज्युदो शिकू म्हणतात आणि त्यांच्या आया म्हणतात, हातपाय मोडला तर? म्हणून ज्या डावाची सर्वांत जास्त धास्ती वाटते, त्याविषयीच आज बोलते.

आमदंगल आपण पाहिली आहे, निदान लांबून. तेथे पाठ मातीला लागली की कुस्ती गेली. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत सुरू केलेल्या ज्युदोत मात्र गंमत अशी, की आपणहून पाठ टेकून समोरच्याला पाठीवर उडवले, तर उडालेला हरतो. अशा डावांना जपानीत सुतेमी म्हणतात. म्हणजे स्वतःचा देह टाकणे. तोमोए-नागे हा त्यांतला प्रसिद्ध डाव.

समोरची रेटत येत असेल, तरच हा डाव करावा. मागे रेललेली असेल तर नाद सोडावा. एका हातात तिची गळपट्टी, दुसऱ्यात बाही. ती रेटू लागली की अडवायचे नाही, उलट आपल्याकडे वर ओढायचे. तिचा भार पायांच्या बोटांवर येतो. त्याच क्षणी डावा पाय तिच्या दोन पावलांमध्ये टाकून आपल्या टाचेजवळच खाली बसायचे, पाटावर बसावे तसे. लांब बसलात तर ती नुसती अंगावर येऊन पडेल. उजवा गुडघा दुमडून तळवा तिच्या ओटीपोटावर टेकवायचा. टेकवायचा म्हणते, लाथ नव्हे! पाठ गोल, हनुवटी छातीला. हातांची ओढ चालूच ठेवायची आणि तिचा भार आपल्यावर आला की गुडघा सरळ करायचा. ती डोक्यावरून पलीकडे जाते.

मोडते ते पडता न येणाऱ्याचे. म्हणून चांगला शिक्षक आधी कितीतरी दिवस पडायलाच शिकवतो: खांद्यावरून कोलांटी आणि गादीवर हाताची थाप. पहिल्याच आठवड्यात कोणी हा डाव शिकवू लागला, तर मुलीला घरी आणा. गादीही जाड हवी. सतरंजीवर भागणार नाही. याच जातीच्या कानी-बसामी डावात १९८० साली यामाशिता या नामांकित खेळाडूचा पाय मोडला. पुढे तो डाव स्पर्धांतून बंद झाला.

फाट्यावर बसची वाट पाहताना कोणी त्रास दिला, तर हा डाव कामी येईल का? माझ्या मते, नाही. डांबरी रस्त्यावर आपणहून पाठ टाकणे शहाणपणाचे नव्हे. तेथे हात सोडवावा, ओरडावे आणि पळावे.

आणि 'मुलींनी का शिकावे' हे विचारणे आता जुने झाले. रवींद्रनाथांनी १९२९ साली ताकागाकी या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात आणले, तेव्हा मुलीही शिकल्या. ऑलिंपिकमध्ये ज्युदो १९६४ साली आला, पण बायकांना पदकासाठी १९९२ पर्यंत थांबावे लागले! मणिपूरच्या सुशीला देवीने २०१४ आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदक मिळवले.

ज्यांना अजून धास्ती वाटते, त्यांनी पहिले पंधरा दिवस गादीच्या कडेला येऊन बसावे. तांदूळ निवडायला घेऊन आलात तरी चालेल.